जीवनशैली-वैद्यक आणि आपले रुग्णालय

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अध्यक्ष महोदयांनी मला विषय दिला तो ‘जीवनशैली-वैद्यकाचे वाढते महत्त्व’ असा. विषय ऐकून काहींना वाटले असेल की, आता डॉक्टर पहाटे उठायला सांगणार, तळलेले बंद करायला सांगणार आणि मग आपण सारे बाहेर जाऊन बटाटेवड्याचा समाचार घेणार. तो उपदेश आपण सर्वांनी पुष्कळदा ऐकला आहे. तो मी पुन्हा करणार नाही. मला सांगायचे आहे ते थोडे निराळे आहे. आहार, हालचाल, झोप, मनावरचा ताण, तंबाखू याविषयीचा सल्ला आजवर बाह्यरुग्ण विभागात कसा दिला जातो? औषधे लिहून झाली, पुढच्या रुग्णासाठी घंटा वाजली, रुग्ण उठता उठता डॉक्टर म्हणतात, “गोड कमी करा, थोडे चालत जा.” हा सल्ला खरोखरीचा उपचार म्हणून द्यायचा, म्हणजे त्याची मात्रा ठरवायची, केसपेपरवर नोंद करायची, महिन्याने त्याचा हिशेब घ्यायचा, असे ठरवले तर काय लागेल आणि त्यातून काय साधेल, एवढ्याचाच मी विचार करणार आहे.

या शाखेचे इंग्रजी नाव नवे आहे. अमेरिकेत तिला वाहिलेली डॉक्टरांची संस्था 2004 साली निघाली आणि 2017 पासून तिची रीतसर परीक्षाही होते. परंतु कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या चिकित्सेमध्ये निर्धन रुग्णाला अनवाणी, गावोगाव भिक्षा मागत शंभर योजने चालत जाण्यास सांगितले आहे, तर धनवंताला सावा आणि देवभात यांसारख्या रानधान्यांवर आणि आवळ्यासारख्या फळांवर राहण्यास सांगितले आहे. मला यातली चालण्याची गोष्ट फारशी नवलाची वाटत नाही. नवल वाटते ते याचे की, व्याधी एकच असूनही माणसाची ऐपत पाहून सल्ला बदललेला आहे. आपल्या छापील आहारतक्त्यांना हे अजून साधलेले नाही.

आणि या विषयाचे आधुनिक प्रकरण तर आपल्या उपनगरातच सुरू झाले. आज मेट्रो जेथून सुटते त्या वर्सोव्याला 1918 साली, दादाभाई नौरोजींच्या समुद्राकाठच्या बंगल्यात, श्री योगेंद्र यांनी योग इन्स्टिट्यूटची स्थापना केली. गुहेतला, संन्याशाचा मानला गेलेला योग प्रापंचिक माणसाच्या प्रकृतीसाठी शिकवायचा हा त्यांचा हेतू होता. ही संस्था पुढे सांताक्रूझला स्थिरावली आणि आजही तेथेच आहे. 1924 साली लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. 1969 साली के.ई.एम. रुग्णालयातील विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या 47 रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. काहींचा दाब औषधाविना उतरला, अनेकांची औषधाची गरज कमी झाली. निव्वळ नीट निजून राहायला शिकवण्याचा हा प्रयोग परळच्या गजबजलेल्या रुग्णालयात झाला, हे आजच्या तरुण डॉक्टरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

मला विशेष उल्लेख करायचा आहे तो सांताक्रूझच्या ‘केअरिंग हार्ट प्रोजेक्ट’चा. डॉ. जयदेव योगेंद्र, श्रीमती हंसाजी योगेंद्र आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी केलेल्या या कामाचे निष्कर्ष 2004 साली ‘जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया’मध्ये आले. अँजिओग्राफीने हृदयरोग सिद्ध झालेले 113 रुग्ण त्यात होते. 71 जणांनी वर्षभर योग, आहारातील बदल आणि ताणाचे नियमन असा कार्यक्रम पाळला; 42 जण तुलनेसाठी होते. वर्षअखेरीस पहिल्या गटाचे एकूण कोलेस्टेरॉल 23.3 टक्क्यांनी उतरले, दुसऱ्याचे 4.4 टक्क्यांनी. रोग वाढलेले रुग्ण पहिल्या गटात 9.9 टक्के होते, दुसऱ्या गटात 35.7 टक्के. रोग मागे हटलेले अनुक्रमे 43.7 आणि 31 टक्के. संख्या लहान होती आणि प्रयोग खुला होता, म्हणजे कोण कोणत्या गटात आहे हे सर्वांना माहीत होते; तेव्हा यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण त्यातली एक गोष्ट मला आकड्यांहून मोलाची वाटते. हा कार्यक्रम एकट्या रुग्णाला धरून आखलेला नव्हता, त्याच्या कुटुंबाला धरून आखलेला होता. आज या सभागृहात रुग्णांचे नातेवाईक मोठ्या संख्येने बसले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता आपल्या भोवतालचे चित्र पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. रक्तदाबाचे रुग्ण 31 कोटींच्या वर. मुंबई महानगरपालिकेने 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने केलेल्या पाहणीत शहरातील 34 टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला आढळला आणि सुमारे 18 टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या मर्यादेपलीकडे गेलेली होती.

हे आकडे ऐकले की, आपण सहज म्हणतो, “लोक खातात फार आणि हालत नाहीत.” जीवनशैली या शब्दातच एक छुपा आरोप आहे, जणू रुग्णाने रोग हौसेने घरी आणला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने या आरोपाला चांगलाच शह दिला आहे. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. तेथील बाळाचे जन्मतःचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळाचे 3.5 किलो. मात्र आपले बाळ हाडामांसाने कमी असले तरी त्याची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किरकोळ, आतून स्थूल. मोठेपणीही तेच. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बी.एम.आय. तंतोतंत सारखा, 22.3. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात 21.2 टक्के! म्हणूनच भारतीयांसाठी 23 च्या पुढे वजन जास्त समजावे आणि कमरेचा घेर पुरुषांत 90, स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा, असे आपल्याकडील तज्ज्ञांनी ठरवले. ज्या रोगाची मुळे आईच्या गर्भारपणातील उपासमारीपर्यंत पोहोचतात, त्यासाठी पन्नाशीतल्या माणसाला दरडावण्यात काय हशील?

दरडावण्याने नाही, पण पद्धतशीर प्रयत्नाने मात्र फरक पडतो, आणि याचा पुरावा आपल्या देशातला आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 जणांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध केला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि हालचालीचे सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्यांत हे प्रमाण 39.3 टक्के राहिले. मेटफॉर्मिनच्या गोळीने साधारण तेवढाच लाभ झाला. दोन्ही एकत्र केल्याने अधिक काही पदरात पडले नाही. म्हणजे साधारण सहा-सात जणांना तीन वर्षे नीट मार्गदर्शन केले तर त्यांतील एकाचा मधुमेह त्या काळापुरता तरी टळतो. औषधांच्या जगात हे फार चांगले गुणोत्तर आहे. आणि या लोकांचे वजन काही लक्षणीय घटले नव्हते! ज्यांचे काम बैठे होते त्यांना रोज अर्धा तास झपाट्याने चालायला सांगितले. जे आधीच तेवढे चालत किंवा सायकल हाकत होते त्यांना आहे तेच चालू ठेवा म्हणून सांगितले.

हा शेवटचा तपशील आपल्या उपनगराला फार लागू आहे. बोरिवलीहून किंवा मुलुंडहून दक्षिण मुंबईत नोकरीला जाणारा माणूस सकाळी फलाटाचे जिने चढतो, डब्यात तासभर उभा राहतो, उतरून कचेरीपर्यंत चालतो आणि संध्याकाळी हेच उलट क्रमाने करतो. त्याला “व्यायाम करा” म्हटले की, तो हताशपणे आपल्याकडे पाहतो, आणि त्याचे चुकत नाही. त्याच्या बाबतीत प्रश्न झोपेचा आहे, रात्री साडेदहाला होणाऱ्या जेवणाचा आहे, स्टेशनबाहेर भूक लागली म्हणून खाल्लेल्या वडापावाचा आहे. त्याची पत्नी नोकरी करणारी असेल तर ती महिलांच्या डब्यात मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत घरी येते. पालेभाजी खा हे तिला आपण काय सांगणार? तिला सांगायचे ते हे की, सर्वांचे झाल्यावर उरलेला भात आणि आमटी एवढ्यावर भागवू नको, त्या मेथीतली वाटीभर स्वतःच्या ताटात वाढून घे. अंधेरी-मालाडकडे रात्रपाळी करणारी मुले, बारा तास रिक्षात बसणारा चालक, घाटकोपरच्या टेकडीवर दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत राहणारी गृहिणी, प्रत्येकाचा कागद निराळा लिहावा लागेल.

आहाराचेही तसेच. आपल्याकडे अजूनही ओट्स, ब्राऊन ब्रेड आणि सॅलड असा इंग्रजी तक्ता हातात ठेवण्याची प्रथा आहे. तो कागद घरी फ्रिजवर चिकटवला जातो आणि पुढे त्यावर गॅस सिलिंडरचा नंबर लिहिला जातो. मुलुंड-घाटकोपरच्या जैन कुटुंबात कंदमुळे चालत नाहीत, परंतु चोविहारामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण्याची उत्तम सवय असते; तेथे बोलायचे ते फरसाणाच्या डब्याविषयी. वर्सोव्याच्या कोळी कुटुंबाला मासळी सोडा म्हणणे हा अडाणीपणा आहे. सुकी मासळी आणि तिच्यातील मीठ याविषयी बोलावे. मराठी घरात भाताशेजारी वरण वाढवावे, भाकरी परत आणावी, साबुदाणा हा उपवासाचा असला तरी औषधी नव्हे हे नम्रपणे सांगावे.

मिठाची गोष्ट तर वाण्याच्या यादीवरूनच कळते. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार माणसांच्या घरात महिन्याला मिठाची एक किलोची पिशवी संपत असेल, तर भागाकार करा: माणशी सव्वाआठ ग्रॅमच्या पुढे जाते, आणि त्यात लोणची, पापड, वेफर्स, बाहेरचे खाणे धरलेलेच नाही. महापालिकेच्या पाहणीतही मुंबईकराचे मीठ साडेआठ ग्रॅमच्या आसपासच निघाले होते. तीच पिशवी दीड महिना पुरवणे हे एक साधे, मोजता येणारे उद्दिष्ट आहे. तेलाचे गणितही माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटर असे मांडता येते. हे गणित रुग्णाला सांगून उपयोग नाही. जो यादी लिहितो आणि जी फोडणी घालते, त्यांना समोर बसवून सांगावे लागते. यासाठी कुटुंब हवे.

दोन गोष्टी सावधगिरीच्या. जीवनशैली-वैद्यक म्हणजे औषधांना रजा नव्हे. हृदयविकाराचा झटका आला असता प्राणायाम करत बसू नये, रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिनला पर्याय नाही. डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांच्यानंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे दिवसातून दोनदाच जेवण्याचा परिपाठ महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला, आणि आहार हा बोलण्याचा विषय झाला हे चांगलेच झाले. तथापि जे इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून मात्रा बदलल्याशिवाय जेवणाच्या वेळा एकदम बदलू नयेत. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. दुसरे, ‘मधुमेहमुक्ती’ हा शब्द. ब्रिटनमध्ये 306 रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात काटेकोर आहाराने वजन उतरवलेल्या गटापैकी 46 टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षअखेरीस गोळ्यांविना आटोक्यात होता. दोन वर्षांनी हे प्रमाण 36 टक्क्यांवर आले. हा लाभ मोठाच आहे, पण त्याला उपशम म्हणावे. वजन परतले की रोगही परततो. 2025 साली आपल्या बाजारात आलेल्या, आठवड्यातून एकदा टोचायच्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनाही हाच नियम आहे; ती थांबवल्यावर वजन बहुधा परत चढते. तेव्हा श्रीमंतांना इंजेक्शन आणि गरिबांना उपदेश अशी वाटणी होऊ नये, इंजेक्शन घेणाऱ्यालाही जेवायला आणि हालायला शिकवावेच लागते. तंबाखूविषयी आज वेळ नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. टपरीवर तो मिळतो की नाही हे आपण जाणता.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि देणगीदारांची क्षमा मागून स्पष्ट बोलतो. मूत्रपिंडे निकामी होण्याचे सर्वात मोठे कारण मधुमेह आहे. डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास खाटेवर झोपावे लागते. सोबत घरचे एक माणूस येते, दोघांचाही रोजगार बुडतो. डायलिसिसच्या यंत्रासाठी देणगी मागितली की ती मिळते. यंत्र दिसते, त्यावर दिवंगत आईवडिलांच्या नावाची पट्टी लावता येते, आणि ती भावना मी अत्यंत आदरणीय मानतो. मात्र ज्या माणसाला डायलिसिस लागलेच नाही तो कोणालाच दिसत नाही. त्याचा फोटो अहवालात छापता येत नाही. आहारतज्ज्ञाच्या पगारावर पट्टी लावता येत नाही.

कायद्याची आणि योजनांची चौकटही खाटेभोवती बांधलेली आहे. उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. ती अत्यंत आवश्यक योजना आहे. शासकीय आरोग्य योजना ठरलेल्या शस्त्रक्रियांचे आणि उपचारांचे पॅकेज देतात, तेही हवेच. पण पाऊण तास बसून एका कुटुंबाशी मिठाविषयी बोलण्याचे पॅकेज नाही, आणि विमा कंपनीकडे त्याचे बिल पाठवले तर ते हसतील. ही जागा भरायची तर ती विश्वस्त संस्थेनेच भरावी लागेल. त्यासाठीच तर अशा संस्था असतात.

विश्वस्त मंडळासमोर मी जो प्रस्ताव ठेवला आहे तो फार खर्चिक नाही. मराठी, हिंदी आणि गुजराती बोलणारे दोन पूर्णवेळ आहारतज्ज्ञ, एक समुपदेशक, आज आपल्याकडे असलेल्या फिजिओथेरपिस्टांचे ठराविक तास, वजनकाटा, मोजपट्टी आणि दूरध्वनी. जागा तळमजल्यावरची, जिथे आता जुने रेकॉर्ड ठेवले आहे ती. वेळ मात्र संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ आणि रविवारी सकाळी, कारण ज्यांना हे हवे आहे ते दुपारी अकरा वाजता येऊच शकत नाहीत. रुग्णासोबत घरचे किमान एक माणूस, शक्यतो स्वयंपाक करणारे, आणावे अशी अट. आठवड्यातून एक फोन, पहिले तीन महिने. नंतर महिन्यातून एक. आठवड्याचा फोन हेच या उपचारातले मुख्य औषध आहे, असे मी मानतो. चेन्नईतील दोन्ही गटांना सल्ला एकदा मिळालाच होता. फरक पडला तो पुन्हा पुन्हा विचारपूस झाल्याने.

एक विनंती अहवालाविषयी. आपल्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, प्रसूती, डायलिसिस यांचे तक्ते असतात. या विभागाचा तक्ता काढायचा झाल्यास त्यात किती लोकांना ‘लाभ’ झाला एवढेच छापू नये. वर्षभराने सरासरी साखरेची तपासणी काय सांगते, किती जणांच्या गोळ्या कमी झाल्या, किती जणांनी तंबाखू सोडली आणि किती जण मध्येच येईनासे झाले, हे चारही रकाने असावेत. चौथा रकाना पहिल्या वर्षी मोठा असणार आहे. तरीही तो छापावा, आणि जे येईनासे झाले त्यांना फोन करून कारण विचारावे. घर दूर पडते, नोकरी सुटली, सासूबाईंना हे पटत नाही, जे असेल ते लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीचा कार्यक्रम त्यावरूनच ठरेल.

प्रस्तावाची प्रत कार्यालयात ठेवली आहे. आपण ती जरूर वाचावी आणि त्यातील खर्चाच्या कलमांवर मनमोकळेपणाने टीका करावी. नातेवाईकांना काही विचारायचे असल्यास मी सभेनंतर अर्धा तास येथेच आहे. बाहेर चहाची व्यवस्था आहे. व्यवस्थापकांनी दोन किटल्या ठेवल्या आहेत, डावीकडची बिनसाखरेची.